भिंतीएवढ्या डायग्रामचे तुकडे: वर्कबेंचमध्ये व्ह्यू कसे करायचे आणि कसे सांभाळायचे

नव्या प्रोजेक्टवर रुजू झालं की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी डेटाबेसच्या डायग्रामची एक पीडीएफ पाठवतं. उघडावी तर मुंग्यांची रांग. झूम केलं की टेबलांची नावं वाचता येतात, पण मग त्यातून निघालेली रेषा कुठे जाते ते शोधत स्क्रोल करावं लागतं, आणि तिचं दुसरं टोक सापडेपर्यंत आपण कुठून निघालो होतो तेच विसरायला होतं. दीडशे टेबलांचा एकच डायग्राम कुणाच्याच कामाचा नसतो. ज्याने काढला त्यालाही सहा महिन्यांनी त्याचा अर्थ लागत नाही.

त्यावरचा इलाज साधा आहे. मॉडेल, म्हणजे सगळ्या टेबलांची मूळ नोंद, एकच ठेवायचं आणि त्यावर छोटे छोटे डायग्राम काढून सेव्ह करायचे. प्रत्येक डायग्रामने एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. अशा छोट्या डायग्रामलाच मी इथे व्ह्यू म्हणतोय. हे करायला फार अक्कल लागत नाही, पण दोन-तीन ठिकाणी नवखा माणूस हमखास आपटतो. हा लेख त्या ठिकाणांबद्दल आहे.

सरावासाठी एमवायएसक्यूएल वर्कबेंच घेऊ, म्हणजे एमवायएसक्यूएल डेटाबेसचे डायग्राम काढायचं टूल. त्याची कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे. डेटाबेस घेऊ 'साकिला', म्हणजे डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या दुकानाचा नमुना. एमवायएसक्यूएलच्या साइटवर सॅम्पल डेटाबेस म्हणून तो मिळतो. (साकिला हे एमवायएसक्यूएलच्या लोगोतल्या डॉल्फिनचं नाव. ते इस्वातिनीच्या ॲम्ब्रोज ट्वेबाझे यांनी सुचवलं होतं.) डाउनलोडमध्ये तीन फायली असतात: स्कीमाची स्क्रिप्ट, डेटाची स्क्रिप्ट आणि 'साकिला डॉट एमडब्ल्यूबी' ही तयार मॉडेल फाइल. आपल्याला फक्त तिसरी हवी. सर्व्हर चालू असण्याचीही गरज नाही.

फाइल उघडा आणि लगेच 'सेव्ह मॉडेल ॲज' करून तिला वेगळं नाव द्या. सरावात मूळ प्रत खराब झाली की पुन्हा डाउनलोड करण्यात वेळ जातो.

आधी डोक्यात एक गोष्ट पक्की करा

वर्कबेंचमध्ये टेबल दोन ठिकाणी असतं. एक कॅटलॉगमध्ये, तिथे त्याचे कॉलम, की, इंडेक्स, सगळं लिहिलेलं असतं. दुसरं डायग्रामवर, तिथे त्याची फक्त आकृती असते. सातबारा आणि गावचा नकाशा यांच्यात जो फरक, तोच इथे. एकाच शेताचे पाच नकाशे काढता येतात, पण सातबारा एकच. नकाशावर शेत दाखवलं नाही म्हणून मालकाचं नाव जात नाही.

याचा दुसरा अर्थ असा की एखाद्या डायग्रामवर टेबलाच्या आकृतीवर डबल क्लिक करून तुम्ही कॉलमचं नाव बदललंत, तर ते सगळ्याच डायग्रामांत बदलतं, कारण बदल सातबाऱ्यावर झालेला असतो. आकृती कुठे ठेवली, मिटवून ठेवली की उघडी, हे मात्र त्या त्या डायग्रामपुरतं राहतं.

आणि या दोन्हींच्या पलीकडे सर्व्हरवरचा खरा डेटाबेस असतो. तुम्ही सिंक्रोनाइझ (मॉडेल आणि सर्व्हर जुळवणे) किंवा फॉरवर्ड इंजिनिअर (मॉडेलवरून सर्व्हरवर टेबलं बनवणे) करत नाही तोवर त्याला यातलं काहीही कळत नाही.

पहिला व्ह्यू: चित्रपटांची यादी

साकिलात १६ टेबलं आहेत आणि त्यांच्यात २२ फॉरेन की, म्हणजे एका टेबलातून दुसऱ्याकडे बोट दाखवणारे दुवे. फाइलसोबत आलेल्या डायग्रामवर हे सगळं रंगीत लेयरांत मांडलेलं आहे आणि ते चांगलं मांडलेलं आहे. पण आपला प्रश्न लहान आहे: एखाद्या चित्रपटाची माहिती कुठे कुठे विखुरली आहे?

'मॉडेल' मेन्यूत 'ॲड डायग्राम' करा. कंट्रोल आणि टी दाबलं तरी चालतं. कोरा कॅनव्हास उघडेल. दुसरं काहीही करायच्या आधी त्याला नाव द्या: 'मॉडेल' मेन्यूतच 'डायग्राम प्रॉपर्टीज अँड साइझ' आहे, तिथे नाव आणि किती पानांचा कॅनव्हास हवा ते, दोन्ही एकदम भरता येतं. नाव नंतर देऊ म्हणणाऱ्यांच्या फायलीत 'ईईआर डायग्राम', 'ईईआर डायग्राम १', 'ईईआर डायग्राम २' असे अनाथ जमा होतात आणि कुठला पुसावा हे कुणालाच ठरवता येत नाही.

नाव देताना प्रश्न किंवा काम लिहा. 'चित्रपटाची माहिती', 'भाडे आणि पैसे', 'पत्ते'. माणसाचं नाव, तारीख किंवा 'फायनल' हा शब्द डायग्रामच्या नावात येऊ देऊ नका.

आता बाजूच्या कॅटलॉग ट्रीमधून ही सात टेबलं कॅनव्हासवर ओढा: फिल्म, ॲक्टर, फिल्म ॲक्टर, कॅटेगरी, फिल्म कॅटेगरी, लँग्वेज, फिल्म टेक्स्ट. कंट्रोल दाबून एकदम निवडून ओढली तरी येतात. जे टेबल या डायग्रामवर आलं त्याच्यापुढे कॅटलॉगमध्ये एक ठिपका दिसतो. तो ठिपका फक्त समोर उघड्या असलेल्या डायग्रामबद्दल बोलतो हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

रेषा तुम्हाला काढायच्या नाहीत. दोन्ही टोकांची टेबलं कॅनव्हासवर आली की फॉरेन कीची रेषा आपोआप उमटते. मोजा, सहा यायला हव्यात. फिल्म आणि लँग्वेज यांच्यामध्ये दोन आहेत, कारण चित्रपटाची भाषा एक आणि मूळ भाषा दुसरी अशी दोन कॉलम आहेत. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती चूक वाटते. म्हणून प्रॉपर्टीजमध्ये त्या दोन्ही रेषांना कॅप्शन द्या, 'भाषा' आणि 'मूळ भाषा'. पुढच्या माणसाचा प्रश्न वाचतो.

फिल्म टेक्स्ट मात्र एकटंच कोपऱ्यात उभं राहील. त्याला एकही रेषा नाही. पण म्हणून त्याचा फिल्मशी संबंध नाही असं समजू नका. फिल्ममध्ये ओळ घातली, बदलली किंवा पुसली की तीन ट्रिगर (डेटाबेस आपणहून चालवतो असे आदेश) फिल्म टेक्स्टमध्येही तोच बदल करतात. डायग्रामला फॉरेन की दिसते, ट्रिगर दिसत नाही. तुमच्या ऑफिसातल्या डेटाबेसमध्ये असे संबंध साकिलापेक्षा कितीतरी जास्त सापडतील. जुन्या सिस्टिमांत फॉरेन की लावलेल्याच नसतात, सगळं कोडच्या भरवशावर चाललेलं असतं. अशा जागी टूलबारवरचं टेक्स्ट ऑब्जेक्ट घ्या आणि टेबलाशेजारी एक ओळ लिहून ठेवा: 'फिल्मवरच्या ट्रिगरने भरतं'. माझ्या मते अख्ख्या डायग्राममधली सगळ्यात किमती जागा या एका ओळीची, कारण बाकी सगळं टूल स्वतःहून दाखवू शकतं.

दुसरा व्ह्यू: भाडे आणि पैसे

पुन्हा नवा डायग्राम, नाव 'भाडे आणि पैसे'. कस्टमर, रेंटल, पेमेंट, इन्व्हेंटरी आणि स्टाफ ओढा. इथेही सहाच रेषा येतील: रेंटलमधून तीन, पेमेंटमधून तीन. सुबक, वाचायला सोपा, आणि थोडा खोटा.

खोटा का, ते इन्व्हेंटरीकडे बघून कळेल. तिच्यातून एकही रेषा बाहेर जात नाही, म्हणजे ती कशावरच अवलंबून नाही असं चित्र तयार होतं. प्रत्यक्षात ती फिल्मवर आणि स्टोअरवर टेकलेली आहे, पण ती दोन टेबलं आपण इथे आणलीच नाहीत. टेबल नसेल तर रेषाही नाही, आणि 'इथे काहीतरी लपलंय' अशी खूण वर्कबेंच देत नाही. फक्त कॉलमच्या यादीत नीट पाहिलं तर फॉरेन कीच्या कॉलमपुढे पत्त्यातल्या चौकटीसारखी लाल खूण दिसते. लाल चौकट आहे पण रेषा नाही, याचा अर्थ दुसरं टोक डायग्रामच्या बाहेर आहे.

मी यावर काढलेला तोडगा असा. मुख्य टेबलं उघडी ठेवायची. त्यांना लगेच चिकटलेली, म्हणजे एक पाऊल बाहेरची टेबलंही आणायची, पण ती मिटवून, नुसतं नाव दिसेल अशी कडेला ठेवायची आणि त्यांना राखाडी रंग द्यायचा. इथे फिल्म आणि स्टोअर आणलीत की रेषा सहावरून अकरावर जातील. ॲड्रेस मी आणलं नाही; भाड्याच्या व्यवहारात पत्त्याचं काम नाही आणि त्यासाठी वेगळा व्ह्यू होणार आहे. कुठे थांबायचं हा प्रत्येक वेळी निर्णयच असतो, नियम नाही. पंधराच्या वर टेबलं जायला लागली की मी प्रश्न मोठा झालाय असं समजून डायग्राम फोडतो.

रंग देताना एक खबरदारी घ्या. प्रेफरन्सेसमध्ये टेबलाचा रंग सगळ्या डायग्रामांत पसरवण्याची एक टिकखूण आहे. ती चालू असेल तर इथे राखाडी केलेलं फिल्म तिकडे 'चित्रपटाची माहिती'मध्येही राखाडी होईल, आणि तिथे तर ते नायक आहे. माझ्या पद्धतीने जायचं असेल तर ती खूण काढून टाका.

स्टोअर आणि स्टाफमध्ये दोन रेषा का, असा प्रश्न पडला असेल. स्टाफमधला माणूस एका दुकानात काम करतो आणि दुकानाला स्टाफमधलाच एक मॅनेजर असतो. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. चूक नाही ती.

टेबल काढताना: इथेच लोक बुडतात

समजा स्टोअर नको वाटलं. त्याच्यावर राइट क्लिक केलं की मेन्यूत एकमेकांशेजारी दोन पर्याय येतात. 'रिमूव्ह फिगर' म्हणजे या डायग्रामवरची आकृती काढ. 'डिलीट' म्हणजे टेबलच मॉडेलमधून काढ. पहिल्याने नकाशावरचं शेत पुसलं जातं, दुसऱ्याने सातबारा फाटतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका क्लायंटसाठी डायग्राम 'स्वच्छ' करत होतो. नको असलेली चार टेबलं निवडली, कीबोर्डवरचं डिलीट दाबलं. एक चौकट आली, ती न वाचता एंटर मारला. डायग्राम छान दिसायला लागला. फाइल सेव्ह केली, घरी गेलो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टीममधल्या ताईंनी त्याच फाइलवरून सिंक्रोनाइझ करायला घेतलं. त्यांना सवय होती सर्व्हरवर चालणारी एसक्यूएल, म्हणजे सर्व्हरला जाणारे आदेश, वाचल्याशिवाय पुढे न जाण्याची. वाचता वाचता त्या थांबल्या आणि मला नुसतं एवढंच विचारलं, "हे ड्रॉप टेबल चार वेळा कशाला आहे रे?" ड्रॉप टेबल म्हणजे टेबल पुसण्याचा आदेश, आणि सिंक्रोनाइझच्या पानावरच्या बाणाची दिशा मॉडेलकडून सर्व्हरकडे होती. त्यांनी 'नेक्स्ट' दाबलं असतं तर पुढचा आठवडा बॅकअप शोधण्यात गेला असता.

म्हणून आजच दोन कामं करा. प्रेफरन्सेस उघडा; विंडोजवर ते 'एडिट' मेन्यूत असतं. तिथल्या मॉडेलिंगच्या भागात डायग्रामवरून आकृती पुसली तर काय करायचं याचे तीन पर्याय आहेत: विचारणे, टेबल कॅटलॉगमध्ये ठेवणे, टेबलही पुसणे. त्यात 'ठेवणे' निवडा. टेबल खरंच पुसायचं असेल तर ते कॅटलॉगमधून, मुद्दाम, डोळे उघडे ठेवून पुसा. आणि दुसरं काम, सिंक्रोनाइझच्या पानावर प्रत्येक ओळीचा बाण कुठल्या बाजूला आहे ते बघितल्याशिवाय आणि शेवटची एसक्यूएल वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अख्खा डायग्राम पुसायला मात्र घाबरू नका. मॉडेल ओव्हरव्ह्यूमध्ये त्याच्या चित्रावर राइट क्लिक करून तो पुसला तर टेबलं कॅटलॉगमध्ये जशीच्या तशी राहतात. नवखे लोक याच्या बरोबर उलट वागतात: डायग्राम पुसायला घाबरतात आणि टेबलावर बेधडक डिलीट दाबतात.

मांडणी

'अरेंज' मेन्यूतलं 'ऑटो लेआउट' सुरुवातीला वापरा, नंतर नाही. हाताने तासभर बसवलेली मांडणी ते एका क्लिकमध्ये विस्कटतं. लगेच कंट्रोल झेड दाबलं तर परत येते.

लांबलचक रेषा सगळ्यांना ओलांडत जात असेल तर ती निवडा आणि प्रॉपर्टीजमध्ये 'ड्रॉ स्प्लिट' चालू करा. मग फक्त दोन्ही टोकांना तुकडा दिसतो, मधली रेषा जाते. 'व्हिजिबल' बंद करून ती पूर्ण लपवताही येते, पण मी तसं करत नाही. लपवलेली रेषा म्हणजे पुन्हा तोच थोडा खोटा डायग्राम.

रेषांची चिन्हं, म्हणजे कावळ्याच्या पायासारखी तीन बोटं की दुसरी कुठली पद्धत, ही 'मॉडेल' मेन्यूतून बदलतात आणि ती पूर्ण मॉडेलला लागू होतात. एक डायग्राम एका पद्धतीत आणि दुसरा दुसऱ्या, असं इथे जमत नाही. कावळ्याचा पाय ठेवा, बहुतेकांना तोच वाचता येतो.

एकाच मोठ्या डायग्राममध्ये सारखं इकडून तिकडे जावं लागत असेल तर मार्कर वापरा. टेबल निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि १ ते ९ मधला एक आकडा दाबा. नंतर नुसतं कंट्रोल आणि तोच आकडा दाबला की उडी थेट तिथे. ऑनलाइन मीटिंगमध्ये स्क्रीन दाखवताना हे फार बरं पडतं. 'एक मिनिट हं, सापडतंय' म्हणत माउस फिरवत बसावं लागत नाही.

ऑफिसचा खरा डेटाबेस आणताना

'डेटाबेस' मेन्यूतलं 'रिव्हर्स इंजिनिअर' चालू सर्व्हरवरून टेबलं मॉडेलमध्ये आणतं. त्यात एक टिकखूण असते, आणलेल्या वस्तू डायग्रामवर ठेवू का अशी. मोठा डेटाबेस असेल तर ती काढा. २५० पेक्षा जास्त वस्तू असतील तर वर्कबेंच स्वतःच हात वर करतं आणि कमी वस्तू निवडायला सांगतं. आणि २४० आल्या तरी काय, तीच मुंग्यांची रांग. सगळं फक्त कॅटलॉगमध्ये येऊ द्या आणि तिथून एकेक व्ह्यू बांधा.

पुढे नवी टेबलं येत राहतात. सिंक्रोनाइझ केल्यावर ती कॅटलॉगमध्ये येतात, पण तुमच्या नेटक्या डायग्रामांत आपणहून शिरत नाहीत. कुठल्याच डायग्राममध्ये नसलेलं टेबल शोधायला सोय नाही, ठिपका फक्त उघड्या डायग्रामचा. म्हणून कुठलं टेबल कुठल्या व्ह्यूत आहे याची एक साधी एक्सेल शीट मी ठेवतो. दर रिलीझनंतर दहा मिनिटं लागतात. कंटाळवाणं आहे, कबूल.

फाइल सांभाळणे

डॉट एमडब्ल्यूबी ही खरं तर झिप फाइल असते. आत एक मोठी एक्सएमएल असते आणि सगळे डायग्राम तिच्यातच. त्यामुळे एखादा व्ह्यू तेवढा वेगळा काढून कुणाला पाठवता येत नाही, आणि दोघांनी एकाच वेळी बदल केले तर गिट (फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) ते जुळवून देत नाही. कुणा एकाचं काम वाया जातं. गिटमध्ये ठेवा जरूर, पण फाइलला एका वेळी एकच मालक असू द्या. 'मी उघडतोय' असा ग्रुपवर मेसेज टाकणं ही आमच्याकडची पद्धत. ओबडधोबड आहे, पण चालते. सेव्ह करताना शेजारी डॉट बॅक नावाची आधीची प्रत पडलेली असते, ती बघून कचरा समजून उडवू नका.

बाकीच्यांना वाचायला देण्यासाठी 'फाइल' मेन्यूतून एक्सपोर्ट करा. विकीवर टाकायला एसव्हीजी, मेलला पीडीएफ. एक्सपोर्टची तारीख टेक्स्ट ऑब्जेक्टमध्ये कोपऱ्यात लिहून ठेवलीत तर वर्षभराने जुना पीडीएफ घेऊन वाद घालणाऱ्याशी बोलणं लवकर संपतं.

वर्कबेंच सोडून दुसरं काही वापरत असाल तर कल्पना तीच, नावं वेगळी. ओरॅकलच्या डेटा मॉडेलरमध्ये सबव्ह्यू म्हणतात, अर्विनमध्ये सब्जेक्ट एरिया, ईआर स्टुडिओत सबमॉडेल. पॉवर बीआयच्या मॉडेल व्ह्यूत खाली 'ऑल टेबल्स'च्या शेजारी अधिक चिन्ह दाबलं की नवा टॅब येतो. 'डायग्राममधून काढ' आणि 'मॉडेलमधून पुस' हे दोन पर्याय वेगळे आहेत का आणि डिलीटच्या बटणाला त्यातला कुठला बांधलेला आहे, एवढं प्रत्येक टूलमध्ये पहिल्या दिवशी बघून घ्या. ओरॅकलच्या टूलमध्ये आणखी एक मेख आहे: डिझाइन म्हणजे एक डॉट डीएमडी फाइल आणि त्याच नावाचा एक फोल्डर. नुसती फाइल मेल केली तर समोरच्याला रिकामं कवच मिळतं.

तिसरा व्ह्यू तुम्ही स्वतः करा: 'पत्ते'. कंट्री, सिटी, ॲड्रेस, कस्टमर, स्टाफ, स्टोअर. झाल्यावर रेषा मोजा, आठ असायला हव्यात. ॲड्रेसकडे येणाऱ्या तीन, त्याच्यातून सिटीकडे जाणारी एक. कमी भरल्या तर आधी कॅटलॉगमधले ठिपके मोजा. बहुतेक एखादं टेबल ओढायचं राहिलं असेल.